शिट्टी, रिक्षा आणि आमची मतं

परवा चंदनसारला मामाकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता विषय निघाला तो राजकारणाचा. (विरारमध्ये दुसरा कुठला निघणार!) मामा म्हणाला, "अगं, गटाराला जात नसते की धर्म नसतो. मताला मात्र असतो."

घरी आल्यावरही ते डोक्यात घोळत राहिलं. आगरी, वाडवळ, सामवेदी, आदिवासी, ख्रिस्ती, मुसलमान, शिवाय मागाहून आलेले आपण सगळे... अशा वसईतून १९७८ साली पंढरीनाथ चौधरी आमदार झाले आणि १९८५ साली डॉमनिक घोन्साल्विस. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघंही जनता पक्षाचे! पण तो पक्ष पुढे दिल्लीत फुटत गेला आणि इथले कार्यकर्ते उघड्यावर पडले.

मग बहुजन विकास आघाडी आली. पक्ष इथलाच, त्यामुळे दिल्लीची भीती नाही. पण तो एकाच घराण्याभोवती फिरणारा. २०१९ च्या लोकसभेला तर हातची शिट्टी गेली, रिक्षा घेऊन लढावं लागलं. त्याच वर्षी विधानसभेत तीन आमदार, २०२४ ला एकही नाही आणि २०२६ च्या जानेवारीत महापालिका पुन्हा ताब्यात!

म्हणजे नळाच्या पाण्यासाठी आपण शेजारी असतो, मोठ्या निवडणुकीत मात्र 'आपले' आणि 'त्यांचे' होतो का? मामाला विचारलं, तुझं मत कुणाला? तो नुसता हसला. मामी म्हणाली, "मला विचार ना! आमची दोघांची कधी जुळतच नाहीत."

असो. एका ताटावर बसून मतं न जुळणं, हेही काही कमी नाही.