अल्-ख्वारिज्मींचा वारसा



महाविद्यालयात संगणकशास्त्र घेतले की आरंभीच 'अल्गोरिदम' हा विषय येतो आणि पुष्कळ मुले नावानेच बिचकतात. पण हे नाव मूळचे एका माणसाचे आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा अल्-मामून (इ. स. 813 ते 833) यांच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरात त्यांच्या नावाचे 'अल्गोरिझ्मी' झाले आणि पुढे ठरावीक पायऱ्यांनी उत्तर काढण्याच्या रीतीलाच ते नाव पडले.

आजच्या अभ्यासक्रमातही तेच शिकवतात. अकारविल्हे लावलेल्या 1000 नावांत एक नाव शोधायचे आहे. मधले नाव पाहा, नको ती निम्मी यादी सोडा, पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त 10 वेळा पाहून काम होते. यादी विस्कळीत असेल, तर 1000 नावेही चाळावी लागतील. म्हणून माहितीची मांडणी आधी शिकायची.

अल्-ख्वारिज्मींच्या बीजगणितात वारसाहक्काची उदाहरणे आहेत. एक स्त्री पती, एक मुलगा व तीन मुली मागे ठेवून वारली. कोणाचा हिस्सा किती? पालकहो, ज्या विद्येने मुलींचा हिस्सा इतका काटेकोर मोजला, त्या विद्येतला त्यांचा हिस्सा आपण का नाकारावा? वारसा नुसत्या अभिमानाने टिकत नाही. तो शिकावा लागतो.