कथेंतील वनवासी व कल्याण छावणींतील निर्वासित

मनुष्याच्या दुःखांत घर सुटण्याचें दुःख फार जुनें आहे. महाराष्ट्रांत ज्या कथा घरोघरीं वाचल्या गेल्या व कीर्तनांतून ऐकल्या गेल्या, त्यांतील कित्येक थोर नायक घराला मुकलेले आहेत. राम चौदा वर्षें वनांत राहिला. पांडवांनीं बारा वर्षें वनवास व एक वर्ष अज्ञातवास भोगला. हरिश्चंद्रास राज्य सोडून काशीच्या बाजारांत पत्नीस विकावें लागलें. श्रीधर कवीनें १७०३ सालीं ‘रामविजय’ व १७१२ सालीं ‘पांडवप्रताप’ रचला. तेव्हांपासून पिढ्यान् पिढ्या या पोथ्या वाचल्या गेल्या, आणि वनवासाचा अध्याय आला म्हणजे ऐकणारांचे डोळे ओले झाले.

युरोपांतहि तोच प्रकार. ट्रॉय नगर जळत असतां वृद्ध पित्यास खांद्यावर घेऊन व लहानग्या मुलाचा हात धरून निघालेला ईनिअस हा व्हर्जिल कवीच्या महाकाव्याचा नायक होय. जगज्जेत्या रोमन लोकांनीं आपला मूळपुरुष म्हणून एका निर्वासितास मान दिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कथेंतील निर्वासितावर इतकें प्रेम करणारा समाज, खरा निर्वासित दारीं आला असतां कसा वागतो, याची परीक्षा १९४७ नंतर कल्याणच्या परिसरांत झाली.

सिंध प्रांत कांहीं महाराष्ट्रास अगदींच परका नव्हता. इंग्रजांनीं तो १८४३ सालीं जिंकला, १८४७ सालीं मुंबई इलाख्यास जोडला आणि १९३६ सालीं पुन्हां निराळा केला. जवळजवळ नव्वद वर्षें कराचीचा कारभार मुंबईहून चालला. कराचींतील १८५५ सालीं स्थापन झालेल्या जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याचें नांव देण्यांत आलें. सिंधच्या आरंभींच्या शिक्षणकार्यांत या गृहस्थाचा मोठा वांटा होता.

फाळणींत पंजाब व बंगाल यांचे दोन तुकडे झाले, परंतु सिंध अखंड पाकिस्तानांत गेला. या फरकाचा परिणाम दूरवर झाला. पंजाबी वा बंगाली निर्वासितास सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेचा निम्मा मुलूख तरी सांपडला. सिंधी हिंदूस तसें एक गांवहि मिळालें नाहीं. प्रथम पुष्कळांस वाटलें कीं राज्य बदललें तरी घर राहील. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली आणि ती आशा मावळली. लक्षावधि लोकांनीं सिंध सोडला. त्यांतील कित्येक आगबोटींनीं मुंबईच्या बंदरांत उतरले.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ उल्हास नदीच्या आसमंतांत लष्करानें मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपतांच ती ओस पडली. दोन हजारांहून अधिक बराकी, पांच विभाग आणि भोंवतीं माळरान अशी ती जागा. तेथें सुमारें एक लाख सिंधी स्त्रीपुरुषांस सरकारनें ठेवलें. एकेका लांबलचक बराकींत अनेक कुटुंबें. मध्यें आडोसा गोणपाटाचा वा जुन्या चादरींचा. सिंधमध्यें सरकारी नोकरींत व वकिलींत नांवाजलेले आमिल आणि देशोदेशीं व्यापार करणारे भाईबंद पाण्याच्या एकाच रांगेंत उभे राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली व नदीच्या नांवावरून त्यास उल्हासनगर हें नांव मिळालें. आजहि तेथील पत्ता पांच छावण्यांच्या आंकड्यांनींच सांगितला जातो.

शेजाऱ्यांनीं या लोकांस कसें वागविलें? कोणी आधार दिला, कोणी कामधंदा दिला, हें खरें. परंतु ‘निर्वासित’ हा शब्द लवकरच शिवीसारखा वापरला जाऊं लागला. आगगाडींत पापड-गोळ्या विकणाऱ्या मुलाकडे संशयानें पाहिलें गेलें. उल्हासनगरच्या कारखान्यांतील मालावर ‘मेड इन यूएसए’ असें लिहितात आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, ही थट्टा तर सर्वतोमुखीं झाली. रामाच्या वनवासानें गहिंवरणारें मन येथें थट्टेंत कां रमलें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर विराटपर्वांत सांपडतें. अज्ञातवासांत युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव नांवाचा आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवूं लागला आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करूं लागली. ऐकणारास ठाऊक असतें कीं हा आचारी भीम आहे, म्हणून त्याचा कंठ दाटून येतो. विराटास तें ठाऊक नव्हतें. त्यानें आसरा दिला तो पांडवांस नव्हे, दारीं आलेल्या अनोळखी माणसांस. कीचकासहि सैरंध्री कोण हें ठाऊक नव्हतें. त्यास दिसली ती केवळ एक निराधार दासी. कथेचा वाचक कवीच्या कृपेनें सर्व जाणून दया करतो. शेजाऱ्यास मात्र न जाणतांच ती करावी लागते. कल्याणच्या फलाटावरील फेरीवाला काल सक्करमध्यें शाळामास्तर होता कीं शिकारपुरांत सराफ, हें सांगण्यास तेथें कोणी कवि उभा नव्हता.

व्हर्जिलच्या काव्यांत कार्थेजची राणी डायडो ईनिअसला आश्रय देते, कारण ती स्वतःच टायर नगरांतून परागंदा होऊन आलेली असते. मुंबईच्या चित्रसृष्टींत पुष्कळ वर्षें काम केलेला उर्दू कथाकार सआदत हसन मंटो जानेवारी १९४८ मध्यें लाहोरास गेला, म्हणजे सिंध्यांच्या उलट वाटेनें. त्याच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेंतील वेडा बिशनसिंग ‘माझें गांव कोणत्या देशांत?’ हेंच विचारीत राहतो आणि शेवटीं दोन्ही सीमांच्या मधल्या, कोणत्याच देशाच्या नसलेल्या जमिनीवर कोसळतो. घर गमावल्याचें दुःख धर्म वा दिशा पाहत नाहीं, हें त्या कथेइतकें स्पष्ट क्वचितच कोठें सांगितलें गेलें असेल.

पुढें उल्हासनगर भरभराटीस आलें. सिंधी लोक भीक न मागतां कष्टानें वर आले, ही स्तुति योग्यच आहे. ‘शरणार्थी’ या शब्दाऐवजीं त्यांच्यांतील कित्येकांनीं ‘पुरुषार्थी’ हा शब्द पत्करला, त्यांतहि स्वाभिमान होता. १९६७ सालीं सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें. तथापि या स्तुतींत एक धोका आहे. जो यशस्वी झाला तोच दयेस पात्र होता, असा तिचा अर्थ होऊं नये. बराकींतच ज्या म्हाताऱ्यांचे डोळे सिंधच्या आठवणींत मिटले, त्यांनीं कोणताहि कारखाना काढला नाहीं. त्यांचा हक्क म्हणून कमी ठरत नाहीं.

ठाणें, कल्याण व डोंबिवली हीं गांवें आतां बाहेरून आलेल्यांनींच भरलेलीं आहेत. गिरगांव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीस आलेल्या कुटुंबानें स्वखुषीनें घर बदललें. त्यास मागें वळून पाहतां येतें. कोयनेच्या धरणांत ज्यांचीं गांवें बुडालीं आणि ज्यांतील कांहीं कुटुंबें ठाणें जिल्ह्यांत आणून वसविलीं गेलीं, त्यांस तें शक्य नाहीं. त्यांनीं सीमा ओलांडली नव्हती, म्हणून त्यांस निर्वासित असेंहि कोणी म्हटलें नाहीं.

पोथी वाचून येणारीं आसवें खोटीं नसतात, परंतु तीं अर्ध्या वाटेवर थांबतात. पुढची वाट अशी कीं, बल्लवाची चूल पाहिली असतां त्याचें पूर्वीचें गांव विचारावें, आणि त्यानें तें सांगितलें नाहीं तरीहि विराटाप्रमाणें दार उघडें ठेवावें.