वेशीजवळची वस्ती : रोममधील परदेशी प्रवाशांच्या मुक्कामाचा इतिहास

रोममध्ये परक्या माणसाने कोठे उतरावे, हा प्रश्न किमान तेराशे वर्षे जुना आहे आणि दर दोन-तीन शतकांनी त्याचे उत्तर बदलत आलेले आहे. वस्ती आपण आपल्या आवडीने आणि ऐपतीने निवडली, असे प्रवाशाला वाटत असले, तरी तो शहरात कोणत्या वेशीने शिरतो, त्याच्या सामानाची झडती कोठे होते, कोणत्या सत्तेच्या छत्राखाली तो निर्धास्त राहू शकतो आणि कोणत्या भागाची हवा रोगट समजली जाते, या गोष्टींनी त्याची निवड बरीचशी आधीच आखून ठेवलेली असे. यांतही वेशीचे वजन सर्वाधिक होते. परदेशी वस्तीचे केंद्र या शहरात जेव्हा जेव्हा सरकले, तेव्हा बहुतेक वेळा त्याआधी शहरात येण्याची वाट बदललेली दिसते.

या इतिहासाचा आरंभ टायबर नदीच्या पश्चिम तीरावर होतो. सेंट पीटरची समाधी आणि तिच्यावरील महामंदिर प्राचीन रोमच्या तटबंदीबाहेर होते, आणि उत्तर युरोपातून पायी येणारे यात्रेकरू प्रथम तेथेच पोहोचत. आठव्या शतकात या समाधीच्या परिसरात सॅक्सन, फ्रँक, फ्रिसियन आणि लोंबार्ड या चार लोकसमूहांच्या ‘स्कोला’ उभ्या राहिल्या. स्कोला म्हणजे एका देशाच्या लोकांची स्वतंत्र वसाहत. तिच्यात उतरण्याची जागा, प्रार्थनामंदिर आणि वाटेत किंवा रोममध्ये मरण पावलेल्यांसाठी दफनभूमी, अशी सगळी सोय असे. सॅक्सनांची स्कोला वेसेक्सचा राजा इने याने स्थापन केली, अशी परंपरा आहे. ८४६ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या अरब टोळ्यांनी हा असुरक्षित भाग लुटला, तेव्हा पोप चौथा लिओ याने त्याच्याभोवती तट बांधण्याचे काम हाती घेतले आणि ते ८५२ मध्ये पूर्ण केले. बोर्गो या नावाने ओळखली जाणारी ही यात्रेकरूंची वस्ती अशा रीतीने स्वतःच्या तटाने वेढली गेली. तरीही शहराचा चौदावा ‘रिओने’, म्हणजे पेठेसारखा प्रशासकीय विभाग, म्हणून तिला १५८६ मध्येच मान्यता मिळाली.

यात्रेकरूंच्या येण्याला नियमित वेळापत्रक मिळाले ते १३०० मध्ये. त्या वर्षी पोप आठवा बोनिफेस याने पहिले ‘जुबिली’ वर्ष, म्हणजे पापांच्या शिक्षेतून पूर्ण सूट देणारे पर्ववर्ष, जाहीर केले. सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या महामंदिरांना रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरच्यांनी पंधरा दिवस भेट द्यावी, अशी त्याची अट होती. रोमच्या निवास-व्यवसायाच्या दृष्टीने या अटीचे महत्त्व फार मोठे आहे आणि ते पुरेसे ओळखले जात नाही. दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परत फिरणाऱ्या यात्रेकरूला एका रात्रीचा आसरा पुरतो, पण पंधरा दिवस राहणाऱ्याला बिछाना, जेवण, घोड्याला तबेला आणि कपडे धुण्याची सोय लागते, आणि हे सारे हजारोंच्या संख्येने पुरवायचे झाल्यास धर्मादाय संस्था अपुऱ्या पडतात. जुबिलीमधील अंतर पुढे कमी होत गेले आणि १४७५ पासून ते पंचवीस वर्षांवर स्थिरावले, त्यामुळे खानावळवाल्याला प्रत्येक पिढीत एक मोठा हंगाम निश्चित मिळू लागला.

या गर्दीनेच मुक्कामाची वस्ती नदीच्या पूर्व तीरावर नेली. बोर्गो आणि मुख्य शहर यांना जोडणारा सांत आंजेलोचा पूल अरुंद होता. १४५० च्या जुबिलीत, डिसेंबर महिन्यात, त्याच्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे दोनशे माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर पुढच्या जुबिलीसाठी पोप चौथा सिक्स्टस याने नदीच्या खालच्या अंगाला पोंते सिस्तो हा नवा पूल बांधला. पुलाच्या वाटेने वाहतूक वळली आणि कांपो देई फिओरी या बाजारचौकाची भरभराट झाली. चौकाभोवतीच्या गल्ल्यांत सूर्य, गाय, घंटा, देवदूत अशा चित्रांच्या पाट्या लावलेल्या खानावळी होत्या. अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूला चित्रावरून पत्ता सापडत असे. यांपैकी ‘गाय’ ही खानावळ पोप सहावा अलेक्झांडर याच्या चार मुलांची आई वान्नोत्सा कातानेई हिच्या मालकीची होती, आणि तिच्या भिंतीवर बसवलेले बोर्जा घराण्याच्या चिन्हासह असलेले कुलचिन्ह आजही दिसते. खानावळ चालवणे हा त्या काळी केवळ गरजू कुटुंबांचा जोडधंदा नव्हता. पोपच्या दरबाराच्या अगदी निकटच्या माणसांनीही त्यात पैसा गुंतवला होता.

धर्मादाय निवासांची परंपरा याच काळात देशवार विभागली गेली. इंग्रजांनी १३६२ मध्ये व्हिया मोनसेर्रातो येथे एक घर विकत घेऊन यात्रेकरूंसाठी धर्मशाळा सुरू केली, जर्मन भाषकांची सांता मारिया देल्लानिमा ही संस्था पियाझ्झा नाव्होनाजवळ होती, स्पॅनिशांचे सान जाकोमो त्याच चौकात होते, आणि स्वीडनची संत ब्रिजिता जेथे राहिली ते घर पियाझ्झा फार्नेझेवर होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास फिलिप्पो नेरी याने स्थापन केलेल्या त्रिनिता देई पेल्लेग्रिनी या बंधुसंघाने कोणत्याही देशाच्या गरीब यात्रेकरूला ठरावीक दिवस फुकट अन्न आणि बिछाना देण्याची प्रथा पाडली, आणि तेथे येणाऱ्यांचे पाय संघाचे प्रतिष्ठित सदस्य स्वतः धूत असत. धर्मशाळांच्या या जाळ्यामुळे प्रत्येक देशाच्या माणसाची एक ठरलेली गल्ली झाली.

ज्याच्यापाशी पैसा होता, त्याने मात्र वेगळा मार्ग धरला. फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन ३० नोव्हेंबर १५८० रोजी उत्तरेकडील पोर्ता देल पोपोलो या वेशीतून रोममध्ये आला. टायबरच्या काठच्या ‘अस्वल’ या नामांकित खानावळीत तो दोन दिवस राहिला आणि नंतर सांता लुचिया देल्ला तिंता या चर्चसमोर एका स्पॅनिश माणसाच्या घरी त्याने महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. तीन शयनकक्ष, जेवणघर, कोठार, तबेला आणि स्वयंपाकघर यांचे भाडे दरमहा वीस एस्क्यू, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, होते आणि त्यात आचारी आणि चुलीचे सरपण घरमालकाकडून मिळत होते. आधी खानावळीत उतरायचे आणि मग पायी फिरून महिन्याच्या भाड्याची खोली शोधायची, हा क्रम पुढील अडीचशे वर्षे रोमच्या सुखवस्तू प्रवाशांनी पाळला. त्याच प्रवासात माँतेनची सर्व पुस्तके तपासणीसाठी काढून घेण्यात आली आणि त्याच्या स्वतःच्या निबंधसंग्रहाची धर्मपरीक्षकांनी छाननी केली; रोममध्ये मुक्कामाची सुरुवात झडतीने होई, हे प्रवासी विसरू शकत नसे.

सतराव्या शतकात केंद्र पुन्हा सरकले, आणि या वेळी ते जवळजवळ वेशीपाशीच आले. पोर्ता देल पोपोलोच्या आतील चौकातून तीन सरळ रस्ते शहरात शिरतात. त्यांपैकी डावीकडचा व्हिया देल बाबुइनो पियाझ्झा दी स्पान्या या चौकात पोहोचतो. हा भाग पूर्वी बागा आणि द्राक्षमळे यांचा होता. १५७० मध्ये आक्वा व्हेर्जिने हा प्राचीन जलवाहिनीमार्ग दुरुस्त होऊन चांगले पाणी येथे पोहोचले आणि नवी घरे बांधणे शक्य झाले. आल्प्स ओलांडून आलेला थकलेला प्रवासी वेशीतून आत आला की हीच वस्ती त्याला प्रथम लागे. स्पेनच्या राजदूताने १६४७ मध्ये येथील वाडा विकत घेतला. त्या काळी राजदूतांच्या निवासाभोवतीच्या परिसरावर त्यांचा अधिकार मानला जाई आणि पोपच्या पोलिसांना तेथे शिरायला मज्जाव असे, म्हणून परदेशी माणसाला आणि कायद्यापासून पळणाऱ्यालाही तो परिसर सोयीचा वाटे.

याच चौकाच्या दक्षिण टोकाला १६२२ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोपागांदा फिदे’ या धर्मप्रसार मंडळाचा वाडा आहे, आणि त्याच्याशी गोव्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातले मातेउस द कास्त्रो पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या विरोधाला न जुमानता रोमला गेले, तेथे त्यांनी शिक्षण आणि दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये ते बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली. पोर्तुगीज सत्तेशी त्यांचा संघर्ष अखेरपर्यंत चालला आणि १६७७ मध्ये त्यांचे निधन रोममध्येच झाले. इंग्रज सरदारपुत्रांनी ही वस्ती आपलीशी करण्याच्या कितीतरी आधी एका भारतीयाला रोममध्ये आधार मिळाला होता तो याच चौकातील संस्थेचा, ही गोष्ट रोमच्या प्रवासइतिहासात ठळकपणे नोंदली जायला हवी.

अठराव्या शतकात ‘ग्रँड टूर’, म्हणजे युरोपातील श्रीमंत तरुणांचा शिक्षणासाठीचा दीर्घ प्रवास, जोरात आला आणि पियाझ्झा दी स्पान्या इंग्रजांचा मोहल्ला झाला. वेशीतून आलेली घोडागाडी आधी पियाझ्झा दी पिएत्रा येथील जकातघरात जाई. सम्राट हेड्रियनच्या मंदिराच्या उरलेल्या अकरा खांबांमध्ये ते बसवलेले होते. तेथून सुटलेला प्रवासी दहा मिनिटांत स्पेनच्या चौकात पोहोचे. १७२३ ते १७२६ या काळात, एका फ्रेंच मुत्सद्द्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांचा आधार घेऊन, चौकातून वरच्या टेकडीवर जाणाऱ्या भव्य पायऱ्या बांधल्या गेल्या. १७६० मध्ये व्हिया कोंदोत्तीवर काफे ग्रेको सुरू झाले. इंग्रजांच्या कॉफीगृहाच्या भिंती पिरानेझी या चित्रकाराने इजिप्शियन शैलीत रंगवल्या. पोपच्या राज्यात प्रोटेस्टंट उपासनेला तटाच्या आत परवानगी नव्हती, म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची प्रार्थना पोर्ता देल पोपोलोच्या बाहेर भरे. दर रविवारी तेथे जाणाऱ्या कुटुंबाला वेशीजवळचे घर सोयीचे होते.

भाडेकरूंचा माग इतिहासकारांना लागतो तो ‘स्ताती देल्ले आनिमे’ या दप्तरांतून. प्रत्येक धर्मविभागाचा पाद्री ईस्टरच्या सुमारास घरोघर फिरून कोणत्या घरात कोण राहते, त्याचे वय काय, तो धर्मविधी पाळतो की नाही, याची नोंद करी; मूळ हेतू धार्मिक असला, तरी आज ती भाड्याच्या खोल्यांची उत्तम गणती ठरते. जर्मन कवी गटे १७८६ च्या ऑक्टोबरअखेर रोमला आला, तेव्हा व्हिया देल कोर्सोवर चित्रकार टिशबाइन राहत असलेल्या घरात त्याने खोली घेतली आणि फिलिप्पो मिलर नावाचा चित्रकार म्हणून आपली नोंद होऊ दिली. एका जर्मन चित्रकाराच्या आधाराने दुसऱ्याला खोली मिळे, त्याच्या आधाराने तिसऱ्याला, आणि अशा ओळखींच्या साखळीने कोर्सो आणि व्हिया मार्गुत्ता यांच्या दरम्यान उत्तरेकडील कलावंतांची वस्ती जमली.

वस्ती निवडताना रोगाची भीती हीही एक गंभीर बाब होती. उन्हाळ्यात सखल आणि ओसाड भागांतून वर येणाऱ्या दूषित हवेमुळे रोमचा ताप येतो, अशी समजूत होती. म्हणून परदेशी लोक शरद ऋतूत येत, ईस्टरनंतर निघून जात आणि प्राचीन अवशेषांच्या बाजूला रात्र काढणे टाळत. दक्षिणेकडे तोंड असलेली, उन्हाची खोलीच घ्यावी, असा सल्ला प्रवासपुस्तके आग्रहाने देत, आणि उन्हाच्या खोलीला भाडेही जास्त पडे. क्षयाने आजारी असलेला इंग्रज कवी जॉन कीट्स १८२० च्या नोव्हेंबरात आला, तेव्हा डॉक्टर जेम्स क्लार्क यांनी स्पेनच्या पायऱ्यांना लागून असलेल्या २६ क्रमांकाच्या घरात, स्वतःच्या घरासमोर, त्याच्यासाठी खोल्या पाहून ठेवल्या होत्या. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी तो तेथे वारला आणि क्षयरोग्यांसंबंधीच्या नियमानुसार त्याच्या खोलीतील सामान जाळण्यात आले. अशा मृत्यूचा खर्च भाडेकरूच्या माथी येई, तरीही घरमालकिणी आजारी पाहुण्याकडे धास्तीने पाहत. दूषित हवेचा सिद्धांत शेवटी खोटा ठरला. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस ग्रास्सी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी मानवी हिवतापाचा प्रसार अ‍ॅनोफिलीस डासामुळे होतो, हे रोममध्ये सिद्ध केले. हा प्रयोग सांतो स्पिरितो रुग्णालयात झाला, आणि ते रुग्णालय सॅक्सन यात्रेकरूंच्या जुन्या वसाहतीच्या जागेवरच उभे आहे.

तोपर्यंत वेस पुन्हा बदललेली होती. १८६३ मध्ये डायोक्लेशियनच्या स्नानगृहांजवळ तेर्मिनी हे रेल्वे स्थानक सुरू झाले आणि उत्तरेच्या वेशीचे काम पूर्वेच्या उंच, विरळ वस्तीच्या भागाकडे गेले. पोपच्या मंत्रिमंडळातील मेरोद या धर्माधिकाऱ्याने तेथील जमिनी आधीच विकत घेऊन ज्या रस्त्याची आखणी केली, तोच पुढे व्हिया नात्सिओनाले झाला. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले, पुढील वर्षी ते राजधानी झाले, आणि स्थानकाभोवती एस्क्विलिनोची नवी वस्ती, कारकुनांची घरे आणि स्वस्त ‘पेन्सिओने’, म्हणजे जेवणासह खोली देणारी कौटुंबिक निवासगृहे, उभी राहिली. श्रीमंतांसाठी सेझार रिट्झ यांनी १८९४ मध्ये स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ग्रँड हॉटेल सुरू केले. लुदोव्हिसी घराण्याची विस्तीर्ण बाग १८८० च्या दशकात तुकड्यांनी विकली गेली, व्हिया व्हेनेतो आणि तिच्यावरील हॉटेले आली, आणि एक दुर्मीळ वनराई शहराने कायमची गमावली. ही हानी हॉटेलांच्या कोणत्याही वैभवाने भरून निघालेली नाही.

बोर्गोचे नुकसान याहून मोठे झाले. १९३६ च्या ऑक्टोबरात सेंट पीटरसमोरील घरांची जुनी ओळ पाडण्यास सुरुवात झाली, तेथील रहिवाशांना शहराबाहेर हलवले गेले आणि व्हिया देल्ला कोंचिलियात्सिओने हा रुंद रस्ता १९५० च्या जुबिलीपर्यंत पूर्ण झाला. त्याच वर्षी तेर्मिनीची आजची इमारतही उघडली. त्यानंतर ओस पडत चाललेल्या अनेक मठांनी आपल्या खोल्या ‘कासे पेर फेरिए’ या नावाने प्रवाशांना भाड्याने देण्यास आरंभ केला. रात्री ठरावीक वेळी दार बंद होण्याचा नियम त्यांच्यापैकी काहींत अजून आहे. विमानतळाहून थेट येणारी गाडीही तेर्मिनीलाच थांबते, त्यामुळे विमानाने आलेल्या प्रवाशाचीही पहिली वेस स्थानकच ठरते. त्रास्तेव्हेरे, मोंती आणि कांपो देई फिओरी येथील राहती घरे अल्पमुदतीच्या भाड्याला लागल्याने जुने रहिवासी दूर जात आहेत, आणि हा आज शहराचा खरा प्रश्न आहे. १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षा संहितेचे १०९ वे कलम पाहुण्याची ओळख पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. १ जानेवारी २०२५ पासून प्रवाशांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक निवासस्थानाला राष्ट्रीय ओळखक्रमांक घेणे आणि तो दाराबाहेर लावणेही सक्तीचे झाले आहे.