ग्राहक संरक्षण यंत्रणा (रत्नागिरी जिल्हा)

हापूस म्हणून कर्नाटकचा आंबा गळ्यात पडला, विजेचे बिल एकदम दुप्पट आले, विरारच्या बिल्डरने फ्लॅटचा ताबा लांबवला किंवा गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याकडून खासगी बसवाल्याने मनाला येईल तेवढे भाडे उकळले, तर या चारही तक्रारींची दारे वेगवेगळी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातले सरकारी ग्राहक संरक्षण एका कार्यालयात सापडत नाही. न्यायनिवाडा, तपासणी, दंड आणि सल्ला ही कामे केंद्र, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर आणि अनेक खात्यांत वाटलेली आहेत.

या साऱ्याचा पाया म्हणजे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा. त्याला 24 डिसेंबर 1986 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. संयुक्त राष्ट्रांनी आदल्याच वर्षी, एप्रिल 1985 मध्ये, याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली होती. महाराष्ट्रात मात्र जमीन आधीच नांगरलेली होती. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सभासद कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदी करायची, ही तिची पद्धत. कायदा येण्याआधीच मराठी मध्यमवर्ग ‘ग्राहक’ म्हणून संघटित होऊ लागला होता, हे श्रेय सरकारच्या खात्यावर मांडता येत नाही.

सध्या लागू असलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. पूर्वीच्या जिल्हा मंचाचे नाव त्याने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असे केले. अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य, अशी त्याची रचना. ज्या व्यवहारात मोबदला म्हणून 50 लाख रुपयांपर्यंत रक्कम दिलेली आहे, ती प्रकरणे इथे चालतात. त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याही पुढे राष्ट्रीय आयोग. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. चाचणी-तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो; व्यवहारात ही मुदत क्वचितच पाळली जाते.

कोकणाच्या दृष्टीने नव्या कायद्यातला सर्वांत मोलाचा बदल अंतराचा आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगाकडेही आता दाद मागता येते. पूर्वी समोरच्या पक्षाचे ठिकाण किंवा व्यवहार घडला ते ठिकाण पाहिले जाई. त्यामुळे मुंबईच्या कंपनीशी भांडायला राजापूरच्या माणसाला मुंबई गाठावी लागण्याची वेळ येई. मंडणगडकरांसाठी तर रत्नागिरी हेदेखील लांबचेच गाव. त्यांच्या उपयोगाची तरतूद म्हणजे ऑनलाइन तक्रार आणि दूरदृश्य सुनावणी.

विरारच्या त्या फ्लॅटसाठी आणखी एक वाट आहे, महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. रेरा कायदा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये ‘इम्पेरिया स्ट्रक्चर्स’ प्रकरणात स्पष्ट केले. डॉक्टरांची सेवा 1995 पासून ग्राहक कायद्याखाली येते, वकिलांची मात्र येत नाही, असा निर्णय 2024 मध्ये झाला. निर्णय देणारे कोण होते, यावर कोणी मिश्कील हसले तर त्याला दोष देता येणार नाही.

वजनमापे हे वैधमापन शास्त्र यंत्रणेचे काम. ती राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाखाली येते. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर 12 महिन्यांनी फेरपडताळणी होते, आणि पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप मागून धार तपासता येते. मिरकरवाडा बंदरावर मात्र वाट्याने मासळी घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा भरवसा आपल्या नजरेवर आणि घासाघिशीवर.

आंब्याची पेटी हे या विभागणीचे उत्तम उदाहरण. हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे पाच जिल्हे. बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकणे म्हणजे मानांकनाचा भंग, शिवाय ग्राहकाची फसवणूकही. तोच आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिकवला असेल तर प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. ठरल्यापेक्षा नग कमी भरले तर ते वैधमापनाकडे. एक पेटी आणि तीन खाती! आंबापोळी किंवा कोकम सरबताच्या पाकिटावर 14 अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतो, आणि हा नियम बचत गटांनाही चुकत नाही.

विजेची तक्रार आधी महावितरणच्या अंतर्गत यंत्रणेत, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालाकडे जाते. खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीहून जास्त असू नये, असे राज्य सरकारने 2018 मध्ये ठरवून दिले. ही तक्रार परिवहन कार्यालयाची. दर गणेशोत्सवात ती नव्याने उगवते, यावरून अंमलबजावणीचा अंदाज यावा.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद ही सल्लागार संस्था आहे. तिच्या वर्षाला किमान दोन बैठका बंधनकारक आहेत, आदेश देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. त्याउलट, अनेक ग्राहकांना एकाच वेळी बाधा पोहोचली असेल तर जिल्हाधिकारी स्वतः चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. 2020 मध्ये स्थापन झालेले हे प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड करते.

सर्वांत लंगडी बाजू सल्ल्याची. जर्मनीत प्रत्येक राज्यात सार्वजनिक निधीवर चालणारी ग्राहक सल्ला केंद्रे आहेत. करारावर सही करण्याआधी माणूस तिथे कागद दाखवू शकतो. रत्नागिरीत ही गरज भागवायला 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते, तक्रार नोंदली जाते आणि ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते. पण हेल्पलाइन निवाडा करीत नाही. कंपनीने दाद दिली नाही, तर कागद घेऊन आयोगाकडेच जावे लागते, आणि दोन वर्षांची मुदत फोन केल्याने थांबत नाही.