फिरती पेटी आणि आंतरजाल : बडोद्याच्या इतिहासातील एक धडा

ज्ञानाचे द्वार एकदा उघडल्यावर आत येणारा वारा कोणत्या दिशेने वाहावा, हे द्वार उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. आंतरजालामुळे तरुणांची मते बदलतात आणि त्या मतांपुढे शासनाची धोरणे वाकतात किंवा ताठर होतात, ही चर्चा आज सर्वत्र चालू आहे. परंतु बडोदे नगरीला हा प्रश्न नवा नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि 1906 साली ते सर्व राज्यास लागू केले. लवकरच असे ध्यानात आले की, शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात. म्हणून 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले. गावाने काही रक्कम जमविली की सरकार व पंचायत तीत आपली भर घालीत. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेली फिरती पेटी जाई. जे वृत्त व ज्ञान पूर्वी देवळाच्या सभामंडपात पुराणिकाच्या मुखातून मिळे, ते आता शेतकऱ्याचा मुलगा स्वतः वाचू लागला.

याच राज्याने 1904 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. कायदा करणे सोपे. तो मानणारी मने घडविणे कठीण. ती घडविण्याचा मार्ग शाळा व ग्रंथालय यांतूनच जात होता. परंतु हा मार्ग सरळ नव्हता. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. राज्याने विद्येचे द्वार उघडले होते. समाजाने घराचे उघडले नव्हते. पुढे त्याच विद्येच्या बळावर या पुरुषाने देशाच्या संविधानाला आकार दिला. शासनाचे धोरण तरुण घडविते आणि तो तरुण पुढे शासनाचे धोरण घडवितो, याहून ठळक उदाहरण कोणते द्यावे?

आता आजच्या काळाकडे वळू. 2015 साली आंतरजालावरील सर्व स्थळे सर्वांना समान दराने मिळावीत, यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. त्यांत तरुणांचा पुढाकार मोठा होता. 2016 च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांना मनाई केली. ही या माध्यमाची उजळ बाजू. दुसरी बाजूही आपल्याच शहराने पाहिली. 2014 च्या सप्टेंबरात एका चित्रावरून येथे दंगल उसळली आणि भ्रमणध्वनीवरील आंतरजाल काही दिवस बंद करावे लागले. पुढल्याच वर्षी पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातेत पुन्हा तसेच झाले.

शासनाचा हा अधिकार अमर्याद आहे काय? सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी याचे उत्तर दिले. आंतरजालाच्या द्वारे होणारे मतप्रदर्शन व व्यवसाय यांस संविधानाचे संरक्षण आहे. ते अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येत नाही. बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे नागरिकास त्याविरुद्ध दाद मागता येईल. दंगलीत शेजाऱ्याचे प्राण वाचविणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण कारण न सांगता लावलेले कुलूप हे कर्तव्य नव्हे, तो मनमानीचा मार्ग होय.

तथापि सर्व भार न्यायालयावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. फिरत्या पेटीतील ग्रंथ कोणी जाणत्याने निवडलेले असत. आजच्या पेटीत काय यावे, हे बहुधा यंत्र ठरविते, आणि त्या यंत्राला वाचकाच्या हितापेक्षा त्याचा वेळ अधिक मोलाचा वाटतो. म्हणून खरे-खोटे पारखण्याची विद्या घरात, शाळेत आणि देवळाच्या सभामंडपातही दिली पाहिजे. मुलाच्या हातून यंत्र काढून घेणे हा त्यावरील उपाय नव्हे. सयाजीरावांनी प्रजेच्या हाती पुस्तक दिले, आणि त्याबरोबर ते वाचण्याची शक्तीही दिली. यांपैकी पहिली गोष्ट आज बाजार करतोच आहे. दुसरी आपणास करावयाची आहे.