वर्गणीतल्या विषयांचा शोध

१४. मूळ मजकुरात ‘ब्रोकरला विचारून विषयांची यादी घ्यावी’ असे आहे. त्याला मुरड घालणे आवश्यक वाटते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये रचलेल्या एमक्यूटीटी या संदेशवहन-प्रोटोकॉलात ब्रोकरकडे, म्हणजे संदेश वाटणाऱ्या मध्यस्थाकडे, अशी यादी मागण्याची सोयच नाही. संदेश पाठवणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी राहावेत, हाच त्या रचनेचा गाभा. ‘#’ या सर्वसमावेशक खुणेची वर्गणी घेतली, तर कोणत्या विषयांवर संदेश येत आहेत ते दिसते, पण ते कोण ऐकत आहे, हे दिसत नाही. रेडिस या डेटासाठ्यात मात्र ‘पबसब चॅनल्स’ ही आज्ञा ग्राहक असलेल्या वाहिन्यांची नावे देते, नमुन्यावर घेतलेल्या वर्गण्या वगळून.

एमक्यूटीटीत यादी मागता येत नाही, म्हणून विषयांच्या नावांची उतरंड आधीच ठरवावी, असा माझा आग्रह आहे. समजा, पर्जन्यमापकाचा विषय नुसता ‘जळकोट/पाऊस’ ठेवला, तर तुळजापूर तालुक्यातले जळकोट आणि लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट यांच्या नोंदी एकमेकींत मिसळतील. ‘धाराशिव/तुळजापूर/जळकोट/पाऊस’ असे पूर्ण नाव घ्यावे. विषयांची नावे यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरीही चालते, आणि ‘धाराशिव/तुळजापूर/+/पाऊस’ (‘+’ म्हणजे त्या पातळीवरचे कोणतेही नाव) एवढ्या एका वर्गणीत नळदुर्गाचा पाऊसही मिळतो.