एक झाड तोडून दहा रोपं लावली, तर कार्बनचा हिशोब जुळतो का?

पाऊस सुरू झाला की सोशल मीडियावर रोपं लावतानाचे फोटो दिसू लागतात. कुठे रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी जुनी झाडं तोडायची वेळ आली, की आश्वासनही ठरलेलं असतं, 'एक तोडलं तर दहा लावू.' ऐकायला हा सौदा फायद्याचा वाटतो. पण झाडं हवेतला कार्बन नेमका कसा घेतात आणि कुठे ठेवतात हे पाहिलं, तर चित्र वेगळं दिसतं.

झाडाचं वजन येतं कुठून?

एवढंसं रोप काही वर्षांत भलंमोठं झाड होतं. हे वजन मातीतून येतं, असं अनेकांना वाटतं. सतराव्या शतकात आजच्या बेल्जियममधले शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी सुमारे 90 किलो कोरडी माती कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड जवळपास 77 किलोंचं झालं, पण माती कमी झाली अवघी 50-60 ग्रॅम.

हे सगळं वजन पाण्याचं आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अर्धाच बरोबर होता. ओल्या झाडात पाणी भरपूर असतं, पण लाकडाचा मुख्य कच्चा माल असतो हवेतला कार्बन डायऑक्साइड.

हवेतून लाकूड कसं तयार होतं?

पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत जातो. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर पान या वायूपासून आणि पाण्यापासून साखर बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. हेच प्रकाशसंश्लेषण.

साखरेतला बराचसा वाटा झाड स्वतःच्या जगण्यासाठी वापरतं. तेव्हा श्वसनातून त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. उरलेल्या साखरेपासून पानं, मुळं आणि लाकूड तयार होतं. पानं गळून लवकर कुजतात. लाकडातला कार्बन मात्र दशकानुदशकं, कधी शतकानुशतकं टिकतो.

कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा वाटा कार्बनचा असतो. म्हणजे 1,000 किलो कोरड्या लाकडात जवळपास 500 किलो कार्बन. तेवढा कार्बन मिळवण्यासाठी झाडाने हवेतून सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो.

फक्त झाडातच कार्बन असतो का?

नाही. जंगलातल्या कार्बनची मोजणी पाच ठिकाणी होते: खोड-फांद्या-पानं, जमिनीखालची मुळं, वाळलेलं लाकूड, जमिनीवरचा पालापाचोळा आणि माती. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांमध्ये सुमारे 728 कोटी टन कार्बन साठलेला आहे. त्यातला निम्म्याहून अधिक मातीत आहे. म्हणून जंगल साफ करताना जमीन उकरली जाते, तेव्हा नुकसान फक्त झाडांचं होत नाही. मातीतला साठाही हळूहळू हवेत जाऊ लागतो.

म्हातारी झाडं कार्बन घेणं थांबवतात का?

हा लोकप्रिय समज आहे. 2014 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत 403 प्रजातींच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रजातींमध्ये झाड जितकं मोठं, तितका ते दरवर्षी जास्त कार्बन साठवतं, असं त्यात आढळलं.

पूर्ण जंगलाचा विचार केला तर मात्र थोडा फरक पडतो. जुन्या जंगलात काही झाडं मरतात, कुजतात. त्यामुळे दर हेक्टरी साठा वाढण्याचा वेग तरुण जंगलात अनेकदा जास्त असतो. पण वेग आणि साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या बँक खात्यात दरमहा चांगली रक्कम जमा होत असेल, म्हणून आयुष्यभराची शिल्लक असलेलं खातं कुणी रिकामं करत नाही.

साठलेला कार्बन परत कधी सुटतो?

लाकूड जळलं तर काही तासांत, कुजलं तर काही वर्षांत. तोडलेलं झाड जुन्या वाड्याच्या सागवानी तुळईसारखं वापरात राहिलं, तर त्यातला कार्बन तिथेच राहतो. सरपणात गेलं तर लगेच सुटतो.

अख्खं जंगलही उलट्या दिशेने जाऊ शकतं. जंगलतोड, आगी आणि वाढत्या उष्णतेमुळे अ‍ॅमेझॉनच्या आग्नेय भागातून शोषला जातो त्याहून जास्त कार्बन बाहेर पडत असल्याचं 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं.

मग 'एकाला दहा'चं काय?

समजा, तोडलेल्या झाडात 1,000 किलो कोरडं लाकूड होतं. लावलेल्या प्रत्येक रोपाचं कोरडं वजन अर्धा किलो धरलं, तर दहा रोपांचं होतं 5 किलो. उरलेली तूट भरून यायला अनेक वर्षं, बहुतेकदा दशकं जातात. तीही रोपं उन्हाळ्यात तगली, गुरांपासून आणि वणव्यापासून वाचली तरच. तोडलेल्या झाडाचं लाकूड जळलं किंवा कुजलं, तर त्यातला कार्बन मधल्या काळात हवेत तापमान वाढवत राहतो.

याचा अर्थ रोपं लावू नयेत असा नाही. उजाड जमिनीवर स्थानिक झाडं लावून जगवली, तर साठा खरोखर वाढतो. पण ती उभ्या जंगलाची भरपाई लगेच करू शकत नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी 'दहा झाडं लावू' असं आश्वासन दिसलं, तर दोन प्रश्न विचारायला हवेत: तोडलं जाणारं झाड किती मोठं आहे? आणि मागच्या वेळी लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत?